बिनरंगाचा सापळा

मास्तरांना राग येत नाही, ही त्यांच्या घरातली सर्वांत मोठी तक्रार. भांडायला बसावं तर समोरचा माणूस भांडतच नाही. बायकोने एका हाताने टाळी वाजवायची तरी किती वेळ?

मोटार शिकवण्याच्या धंद्यात मात्र हाच गुण उपयोगी पडला. शिकाऊ माणसाने गाडी फुटपाथवर चढवली की मास्तर म्हणायचे, "छान चढवलीत. आता तशीच खाली घेऊ या." कुणी ती दुधाच्या टेम्पोच्या अंगावर घातली, तर मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचे, दूधवाल्याला हात करून माफी मागायचे आणि म्हणायचे, "हे झालं थांबायचं. आता निघायचं शिकू." अर्ध्या गावाने त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायकोही चारचौघांत मास्तर म्हणे आणि घरात अहो.

असा हा माणूस महिन्यातून दोन-तीनदा काळा अंगरखा घालून, तोंडाला कवटी रंगवून, हजारभर लोकांसमोर ड्रम बडवायचा, हे सांगितलं तर शिकाऊ मंडळींचा पाय ब्रेकवरून सुटला असता. म्हणून ते कुणी सांगत नव्हतं.

बँडचं नाव 'काळोख'. गाणारा तो सम्राट: डोक्यावर दोन शिंगं, पाठीवर जमिनीला लोळणारा झगा, आणि एरवी सासऱ्यांच्या दुकानात बाथरूमच्या टाइल्स विकणारा. गिटारवर मास्तरांचा मेहुणा, तो वटवाघूळ. बेस वाजवणारा अंगभर पट्ट्या गुंडाळलेला मुडदा. तो स्टेजवर एक अक्षर बोलत नसे आणि खालीही फारसं बोलत नसे, म्हणून त्याचं नावच मुका पडलं. आणि मागे ड्रमवर मास्तर. लोक त्यांना सापळा म्हणून ओळखत.

तरुणपणी मास्तर खरोखरच सापळ्यासारखे होते, त्यामुळे अंगरख्यावर रंगवलेल्या बरगड्या शोभून दिसत. पुढे संसार मानवला. अंगरखा दोन्ही बाजूंनी उसवून पट्टी जोडली, की बरगड्यांमध्ये अंतर पडे आणि बायको त्या फटीत एक नवी बरगडी रंगवून देई. आता त्यावर इतक्या बरगड्या झाल्या होत्या, की एखाद्या डॉक्टरने पाहिल्या असत्या तर तो पुन्हा पहिल्या वर्षाला जाऊन बसला असता.

'काळोख'च्या या अवतारावर चाहत्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. मृत्यूचं भान, अंतर्मनातला अंधार, मुखवट्यामागचा मुखवटा, काय वाटेल ते. खरी गोष्ट फार साधी होती. एक माणूस लाजत होता.

कॉलेजच्या कार्यक्रमात चौघांनी पहिल्यांदा वाजवायचं ठरवलं, तेव्हा ऐन वेळी मास्तर बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसले. लोक बघतील, एवढंच त्यांचं म्हणणं. मित्रांनी शिव्या घातल्या, विनवण्या केल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग मेहुण्याची, म्हणजे तेव्हा नुसत्याच मित्राची, बहीण आली. ती मागचा पडदा रंगवत होती. दारावर ब्रशचा दांडा आपटून ती म्हणाली, "बाहेर या. तुमचं तोंड कुणाला दिसू देत नाही, मग तर झालं?" पडद्याचा उरलेला काळा-पांढरा रंग तिने त्यांच्या चेहऱ्यावर चढवला आणि कवटी तयार केली. त्या दिवशी मास्तरांनी असे ड्रम वाजवले, की बाकीचे तिघे त्यांच्यापुढे बँकेत चेक भरायला आल्यासारखे दिसले. पुढच्या खेपेला तिघेही तोंड पुढे करून रांगेत उभे. अशी 'काळोख'ची सुरुवात झाली. कडी काढून बाहेर आलेला माणूस त्या मुलीच्या आयुष्यात आला तो तिथेच राहिला.

ती दुकानांच्या पाट्या रंगवते. हात पक्का. प्रत्येक कार्यक्रमाआधी रंगपटात ती स्टुलावर बसायची, मास्तरांची हनुवटी चिमटीत धरायची, "अहो, गिळू नका, गळा हलतो" म्हणायची आणि कवटी रंगवायची. शेवटचा दात रंगवून होईपर्यंत मास्तरांची भीती कुठल्या कुठे पळायची. मग ते स्टेजवर जायचे आणि ती तिथेच, दार लावून, कापूस आणि क्रीम घेऊन त्यांची वाट बघत बसायची. समोर जाऊन कार्यक्रम असा तिने कधी पाहिलाच नाही.

तर अशी सगळी घडी नीट बसलेली असताना नवा अल्बम ठरला आणि त्याच्याबरोबर एक मॅनेजर बाई आल्या.

पहिली बैठक टाइल्सच्या दुकानात, मागच्या दालनात झाली. तिथे नमुन्याची बाथरूमं मांडलेली. सम्राट एका चकचकीत कमोडच्या झाकणावर बसला, मेहुणा टबाच्या काठावर, मुका बेसिनला टेकून, आणि मास्तर उभेच, कारण विकायच्या वस्तूवर बसणं त्यांना बरं वाटेना. मॅनेजर बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "राक्षस आता खपत नाहीत. राक्षस लोकांच्या ऑफिसातच पुष्कळ झालेत. लोकांना आता खरी माणसं हवीत. साधी, तुमच्या-आमच्यासारखी."

"म्हणजे?" मेहुण्याने विचारलं.

"अल्बमचं नाव 'उजेड'. पांढरे शर्ट. शिंगं नाहीत, पट्ट्या नाहीत, तोंडाला काही लावायचं नाही. पावडरसुद्धा नाही."

सम्राटाला तर हे हवंच होतं. "मी कधीपासून म्हणतोय!" तो कमोडवरून उठत म्हणाला. "माझ्या चेहऱ्यावर भाव आहेत. इतकी वर्षं ते त्या शिंगांखाली कोंडून पडलेत."

मास्तरांनी हात थोडासा वर केला. "मला जरा..."

"बोला ना, मास्तर."

"नाही. काही नाही."

मास्तरांच्या आयुष्यातले निम्मे निर्णय या 'काही नाही'मुळे झालेले आहेत. पण त्यांना काय म्हणायचं होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मूळ रंग कशासाठी लागला होता हेच मंडळी विसरली होती. कडी लावून कोण बसलं होतं हे मेहुण्यालाही आठवेना.

कव्हरच्या फोटोपासूनच फजिती सुरू झाली. फोटोग्राफर म्हणाला, "काका, सहज उभे राहा." आता सहज उभं राहा म्हटल्यावर कोणाला राहता येतं? फोटोत सम्राट, मेहुणा आणि मुका दूर कुठेतरी उजेडाकडे बघत होते, आणि मास्तर हरवलेल्या छत्रीची चौकशी करायला आल्यासारखे दिसत होते. शेवटी कव्हरवर मुक्याच्या खांद्यामागून त्यांचा एक कान तेवढा आला. हे कव्हर कार्यक्रमापर्यंत कुणाला दाखवायचं नाही, असं बाईंनी बजावलं.

खरी फजिती तालमीत झाली. मॅनेजर बाईंनी सवय व्हावी म्हणून पाच-सहा ओळखीचे लोक आणून समोर खुर्च्यांवर बसवले. मास्तरांनी मान वर केली, समोरची माणसं थेट त्यांच्या तोंडाकडे बघताना दिसली, आणि त्यांच्या पाचावर धारण बसली. उजव्या पायाने डाव्याशी बोलणं सोडलं. गाणं आधी घोड्यासारखं उधळलं, मग अडखळलं, मग थांबलंच. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काठी हातातून उडून एका पाहुण्याच्या मांडीवर पडली आणि मास्तर "सॉरी, लागलं नाही ना?" म्हणत ती आणायला स्वतः खाली उतरले.

त्याच संध्याकाळी मेहुणा बहिणीकडे आला. मास्तरांच्या तोंडावर बोलायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो स्वयंपाकघरात उभा राहून बहिणीला सांगू लागला, पण बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. "बाईंनी दुसरा ड्रमर बघून ठेवलाय. चांगला दंडबिंड असलेला. अल्बमच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात भावजींनी निभावलं तर प्रश्नच नाही. नाहीतर दौऱ्यावर तो येणार."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? बघू म्हणालो."

"बघू म्हणे! बँड कुणामुळे उभा राहिला रे?"

"ताई, ओरडू नकोस, त्यांना ऐकू जाईल."

"त्यांना ऐकू जावं म्हणूनच आलायस ना तू?"

बाहेर मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते उलटं धरलेलं होतं ही गोष्ट वेगळी. रागवायचं त्यांना अजूनही सुचलं नाही, पण वाईट इतकं वाटलं की रात्रीचं जेवण गेलं नाही. आठवडाभर लोकांना 'हळू, हळू' म्हणणाऱ्या माणसाला कुठेतरी जोरात जायची सोय लागते. मास्तरांची ती एकच सोय होती.

मग त्यांनी प्रयत्न सुरू केले. सासूबाईंना समोर बसवून वाजवून पाहिलं. सासूबाई विणकाम घेऊन बसल्या, दोन मिनिटं त्यांच्याकडे रोखून बघत राहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला त्या दणदणाटात शांत झोपल्या. जाग आल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, सगळी सोंगं आणता येतात, पण साधेपणाचं सोंग फार अवघड हो." मास्तरांनी स्वतःच्या चेहऱ्याची सवय व्हावी म्हणून गाडीतल्या आरशात बघायला सुरुवात केली. त्या दिवसांत एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका गाडी शिकत होत्या. त्या शेवटी न राहवून म्हणाल्या, "मास्तर, आरशात मागचा रस्ता बघायचा असतो, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

बायकोने हळूच विचारलं, "अहो, थोडंसं काजळ? कुणाला कळणार नाही."

"नको," मास्तर म्हणाले. "मग मला कळेल."

कार्यक्रम दुपारी ठेवला होता. नावच 'उजेड' असल्यावर बाईंना अंधार चालेना; सभागृहाच्या खिडक्यांचे पडदेसुद्धा बाजूला सारलेले. चौघे पांढरे शर्ट घालून मागच्या दाराशी पोचले, तर दारावरच्या माणसाने हात आडवा केला.

"केटरिंगवाले डावीकडून."

"आम्ही बँड आहोत," सम्राट म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आता खरोखर भाव होते.

"बँड केव्हाच आत गेलाय," दारावरचा माणूस म्हणाला. "मी स्वतः नेऊन बसवलाय."

झालं होतं असं की चाहते नेहमीसारखे रंगूनच आले होते. त्यातल्या चौघांनी अगदी हुबेहूब अवतार केला होता. ते चुकून मागच्या दाराशी आले, आणि या भल्या माणसाने अदबीने दार उघडून त्यांना रंगपटात नेलं. वेश बदलण्यासाठी बँडच्या एवढ्या मागे लागलेल्या मॅनेजर बाई दारावरच्या माणसाला तेवढं सांगायचं विसरल्या होत्या. अर्ध्या तासाच्या फोनाफोनीनंतर मंडळी आत शिरली तेव्हा शिंगं, वटवाघूळ, पट्ट्या आणि कवटी असे चौघे कोचावर बसून बँडसाठी ठेवलेली सँडविचं खात होते. कवटीवाला पोरगेलासा आणि हडकुळा. मास्तर बघतच राहिले. आपण असे दिसायचो तर!

"काका," तो सापळा तोंडातला घास गिळत म्हणाला, "आणखी चहा मिळेल का?"

मास्तर गेले आणि चहा घेऊन आले. साखर वेगळी आणली.

मॅनेजर बाईंनी त्या चौघांना बाहेर काढलं तेव्हा सम्राट रागाने लाल झाला होता, पण मास्तरांना हसू येत होतं आणि का ते त्यांना कळत नव्हतं. तेवढ्यात बायको आली. हातात रंगांची पेटी, सवयीने आणलेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने त्यांची हनुवटी चिमटीत धरली, उजेडाकडे वळवली, आणि करायला काहीच नसल्यामुळे कॉलर सारखी केली. "तुम्हाला जमेल," ती म्हणाली. आवाजात दम नव्हता. मॅनेजर बाई म्हणाल्या, "तुम्ही आज समोर बसा. इथे तुमचं काम नाही."

पडदा उघडला. पांढऱ्या शर्टातले चौघे आपापल्या जागी उभे राहिले. सभागृहात टाळी नाही. समोर शेकडो कवट्या, शिंगं, वटवाघळं, दिवसाढवळ्या, आणि सगळ्यांचे डोळे चौघांना ओलांडून मागे लागलेले.

"ओ काका, आवरा लवकर!" कुणीतरी ओरडलं. "बँड येऊ द्या की!"

"माइक लागलाय, बास झालं, उतरा आता!"

सम्राट माइकपाशी उभा होता. ज्या चेहऱ्यावर इतकी वर्षं भाव कोंडले होते, तो चेहरा आता शाळेतल्या फळ्यासारखा कोरा पडला. तोंड उघडलं, मिटलं. गुडघा थरथरत होता. मेहुण्याने तार छेडली ती भलतीच. मुका मुकाच राहिला.

आणि मास्तरांना एकदम हलकं वाटलं. समोरचा एकही माणूस त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यांच्या त्या चेहऱ्याला कुणी ओळखतच नव्हतं, तर तो लपवायचा कशाला? बरगड्यांचा अंगरखा घालूनसुद्धा ते इतके झाकलेले कधी नव्हते. आता त्यांना सम्राटाचा गुडघा नीट दिसला, आणि तो त्यांच्या ओळखीचा होता. चढावर सिग्नलला पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या शिकाऊ माणसाचा तो गुडघा. या तिघांनाही गाडी त्यांनीच शिकवली होती.

"सम्राट," मागून मास्तरांचा तो शांत आवाज आला, "मागचे कितीही हॉर्न वाजवू देत. आपण त्यांच्याकडे बघायचं नाही. आता हळूच क्लच सोडायचा. बंद पडली तर पडू दे, ब्रेकवर माझा पाय आहे."

सम्राटाने मागे वळून पाहिलं. मान हलवली. मास्तरांनी ड्रमच्या पेडलवर पाय टाकला.

पहिलं गाणं लोकांनी हे कोण आहेत या कुतूहलाने ऐकलं. दुसरं निम्म्यावर आलं आणि मास्तरांनी उजवीकडून डावीकडे हात फिरवत एक लांबलचक थाप घेतली. ती थाप त्या सभागृहात प्रत्येकाच्या कानात बसलेली होती. पुढच्या रांगेतला तो चहा मागणारा हडकुळा सापळा खुर्चीवर उभा राहिला आणि मास्तरांकडे बोट दाखवून किंचाळला, "अरे, हाच आहे! हे काकाच आहेत! सापळा!"

झालं. सगळं सभागृह वळलं. आता प्रत्येक डोळा मास्तरांच्या बिनरंगाच्या तोंडावर.

उजवा पाय चुकला. एक ठोका सरळ गायब झाला, आणि त्या रिकाम्या जागेत मास्तरांना बाजूच्या भिंतीशी उभी असलेली बायको दिसली. ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू तिने त्यांना याआधी कधी पाहिलंच नव्हतं. मास्तरांनी नजर तिच्यावर ठेवली आणि पाय पुन्हा टाकला. मग मात्र त्यांनी मागे-पुढे पाहिलं नाही. असे सुटले की मेहुण्याला धाप लागली. गायब झालेल्या त्या ठोक्याबद्दल एका चाहत्याने नंतर लिहिलं, की तो मौनाचा प्रयोग होता.

शेवटी लोक खुर्च्या सोडून पुढे आले. मॅनेजर बाई टाळ्या वाजवत मेहुण्याला म्हणाल्या, "त्या दुसऱ्याला कळवून टाका, येऊ नको म्हणून." मेहुणा म्हणाला, "मी तर आधीच म्हणत होतो." तो काही म्हणत नव्हता, पण आनंदाच्या भरात माणसाला एवढं खोटं माफ असावं.

घरी जाताना गाडी मास्तर चालवत होते. बायको शेजारी गप्प. तिचं गप्प बसणं मास्तरांना नवीन होतं, म्हणून ते दोनदा खाकरले.

"आवाज फार झाला का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हसत होता," ती म्हणाली.

"कोण, मी?"

"वाजवताना. पहिल्यापासून शेवटपर्यंत. लहान पोरासारखे."

"असेन. नेहमीचंच आहे ते."

"मला काय माहीत नेहमीचं आहे?" तिचा आवाज चढला, आणि डोळे भरून आले. "मला वाटायचं, तुम्ही त्या रंगाखाली रडकुंडीला आलेले असता. मी त्या दिवशी दार वाजवून तुम्हाला बाहेर काढलं, आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही, म्हणून जन्मभर माझ्यापायी जाताय स्टेजवर. मला बघवलं नसतं हो. म्हणून मी कधी समोर आले नाही. दार लावून बसायचे आणि कार्यक्रम लवकर संपू दे म्हणायचे."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर दिला नाही, मागच्याने हॉर्न मारून शिवी घातली, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"अगं, एकदा विचारायचं तरी," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

मास्तरांनी विचार केला.

"काही नाही, असं म्हणालो असतो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना स्वतःचा मनापासून राग आला.